'ऑर्गॅनिक' : एका विशेषणाची कुळकथा

शब्दांच्या समाजात विशेषण हे परावलंबी असते. नाम स्वतःच्या पायांवर उभे राहते. विशेषणास मात्र कोणाच्या तरी आश्रयाने राहावे लागते, आणि ज्या घरी ते जाते त्या घरची चालरीत ते उचलते. आपला 'गोड' हा साधा शब्द घ्या. गोडे पाणी, गोडे तेल, गोड गळा आणि गोड बोलणे, या चार ठिकाणी गोडीचा अर्थ चार प्रकारचा आहे. गोड्या पाण्यात साखर नसते हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. मातृभाषेतील विशेषणाचा हा स्वभाव आपणांस उपजत ठाऊक असतो. परभाषेतून आलेल्या विशेषणाच्या बाबतीत मात्र आपली फसगत होते. त्यास एकच एक कायमचा अर्थ आहे अशी आपली समजूत होते आणि त्या समजुतीवर आपण पैसे, कधी कधी तर प्रकृतीही पणाला लावतो.

'ऑर्गॅनिक' हे असे एक इंग्रजी विशेषण आहे. किराणा दुकानात तांदळाच्या पिशवीवर ते छापलेले असते व त्यापायी चार पैसे अधिक मोजावे लागतात. महाविद्यालयात तेच विशेषण रसायनशास्त्राच्या एका जाडजूड ग्रंथावर असते. वैद्यकात त्याचा संबंध रोगाशी येतो, आणि वृत्तपत्रांत एखाद्या दूरच्या लघुग्रहावर 'ऑर्गॅनिक' रेणू सापडल्याची बातमी येते. हे सारे एकच 'ऑर्गॅनिक' आहे काय?

यातील गुंता ध्यानी येण्यासाठी एक कोडे समोर ठेवतो. युरियाचे नाव खेड्यातील मुलासही ठाऊक आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने युरिया हा निःसंशय 'ऑर्गॅनिक' पदार्थ होय. किंबहुना त्या शास्त्राच्या इतिहासातील तो मानाचा पदार्थ आहे. परंतु ज्या शेतात कारखान्यातील युरियाची मूठ पडली, त्या शेताचा माल नियमाने 'ऑर्गॅनिक' म्हणून विकता येत नाही. उलटपक्षी, द्राक्षबागेत फवारतात ते मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पाहा. मोरचुदात कार्बनचा एक अणूही नाही. रसायनशास्त्राच्या लेखी तो पक्का 'इनऑर्गॅनिक' पदार्थ. तरीही 'ऑर्गॅनिक' शेतीत त्याचा मर्यादित वापर चालतो. म्हणजे जो ऑर्गॅनिक तो वर्ज्य, आणि जो ऑर्गॅनिक नव्हे तो ग्राह्य! या कोड्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे.

ग्रीक भाषेत 'ऑर्गॅनॉन' म्हणजे हत्यार, साधन, ज्याने काम करावयाचे ते उपकरण. अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथांस मागाहून 'ऑर्गॅनॉन' हे नाव पडले, ते तर्क हे विचाराचे हत्यार आहे या भावनेने. फ्रान्सिस बेकनने १६२० साली आपल्या ग्रंथास 'नोव्हम ऑर्गॅनम', म्हणजे नवे साधन, असे नाव दिले तेही त्याच अर्थाने. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातील ऑर्गन हे वाद्यही याच कुळातले. पुढे शरीराचे डोळा, कान, हृदय, यकृत हे भाग म्हणजे जणू जीवाची हत्यारेच, म्हणून त्यांसही 'ऑर्गन' म्हणू लागले. ज्यास असे अवयव आहेत, जे अवयवांच्या परस्पर साहाय्याने चालते, ते 'ऑर्गॅनिक'. हा त्या विशेषणाचा पाया होय.

आपल्याकडे हीच कल्पना फार पूर्वीपासून आहे. इंद्रिय हे ज्ञानाचे वा कर्माचे साधन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात द्रव्यांची विभागणी करताना सांगितले आहे की, इंद्रियांनी युक्त असे जे द्रव्य ते चेतन, आणि इंद्रियरहित ते अचेतन. त्यासाठी तेथे 'सेंद्रिय' व 'निरिंद्रिय' हेच शब्द योजिले आहेत. 'ऑर्गॅनिक' या शब्दास मराठीत प्रतिशब्द हवा झाला तेव्हा 'सेंद्रिय' हा शब्द असा जवळच सापडण्यासारखा होता. 'ऑर्गन' म्हणजे इंद्रिय, तर 'ऑर्गॅनिक' म्हणजे सेंद्रिय. इतके तंतोतंत भाषांतर क्वचितच साधते. परंतु भाषांतर तंतोतंत झाल्यामुळे मूळ शब्दाचा गुंताही त्याबरोबर आपल्या घरी आला. हिंदीने येथे दोन वाटा केल्या: शेतीसाठी 'जैविक' आणि रसायनासाठी 'कार्बनिक'. मराठी विश्वकोशानेही रसायनापुरता 'कार्बनी' हा शब्द पसंत केला. पण सर्वसामान्य मराठी व्यवहारात मात्र रसायनही सेंद्रिय आणि शेतीही सेंद्रिय.

आता रसायनाकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनचा टोर्बर्न बर्गमन या रसायनज्ञाने पदार्थांचे दोन वर्ग मानले: वनस्पती व प्राणी यांपासून मिळणारे ते सेंद्रिय, आणि खनिजांपासून मिळणारे ते असेंद्रिय. पुढील शतकाच्या आरंभी त्याच देशाच्या बर्झेलियसने 'सेंद्रिय रसायनशास्त्र' ही स्वतंत्र शाखा कल्पिली. या विभागणीच्या मुळाशी एक श्रद्धा होती. मीठ, गंधक, चुना हे पदार्थ प्रयोगशाळेत घडविता येतात. परंतु साखर, स्निग्ध पदार्थ किंवा युरिया घडविण्यास जिवंत देहातील एखादी 'प्राणशक्ती' लागते, ती काचपात्रात आणता येत नाही, असे मोठमोठे रसायनज्ञ मानीत.

१८२८ साली या श्रद्धेस पहिला मोठा तडा गेला. बर्झेलियसचाच शिष्य फ्रीड्रिख व्होलर बर्लिनमध्ये काम करीत होता. अमोनियम सायनेट हे लवण तयार करावे म्हणून त्याने खटपट केली, पण हाती आले ते निराळेच पांढरे स्फटिक. तपासता ते युरियाचे निघाले! युरिया हा तोवर मूत्रातून मिळणारा पदार्थ म्हणून ठाऊक होता. मूत्रपिंडाच्या साहाय्यावाचून आपण युरिया तयार केला, हे त्याने आपल्या गुरूस मोठ्या उत्साहाने पत्राने कळविले. आणखी एक नवल असे की, अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत अणू तेच आणि तितकेच; फरक आहे तो केवळ त्यांच्या मांडणीत. प्राणशक्तीचे रहस्य म्हणून जे गणले गेले होते, त्यातला काही भाग निव्वळ रचनेचा होता.

तथापि एका स्फटिकाने श्रद्धा कोसळली, असे मानणे बरोबर नव्हे. व्होलरने वापरलेली सायनेटे मुळात प्राणिज पदार्थांतूनच आली आहेत, अशी शंका तेव्हा घेण्यास जागा होती. १८४५ साली हेर्मान कोल्बे याने असेंद्रिय द्रव्यांपासून आरंभ करून अ‍ॅसेटिक अम्ल, म्हणजे शिरक्यातील आंबट द्रव्य, सिद्ध केले. त्यानंतर फ्रान्समध्ये बर्तेलो याने अशा संश्लेषणांची मालिकाच उभी केली. जिवंत आणि निर्जीव यांमधील भिंत अशी हळूहळू खचत गेली. मग 'सेंद्रिय रसायन' या नावाचे करावयाचे काय? १८६१ साली केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने त्याची नवी व्याख्या दिली: सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र. जीव हा शब्दच तीतून गळाला. कार्बन डायऑक्साइड, चुनखडी यांसारखी काही संयुगे रूढीने बाहेर ठेवली जातात, एवढाच अपवाद. भिंत पडली, परंतु भिंतीवरील पाटी तशीच राहिली व ती निराळ्याच खोलीच्या दारावर जाऊन बसली.

हे लक्षात घेतले म्हणजे पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. डी. डी. टी. हे कीटकनाशक रसायनदृष्ट्या सेंद्रिय आहे. बहुतेक प्लॅस्टिके सेंद्रिय आहेत. भ्रमणध्वनीच्या कित्येक पडद्यांत ज्या 'ओलेड' दिव्यांचा उजेड असतो, त्या नावातील पहिले अक्षर 'ऑर्गॅनिक'चे आहे. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा दिव्याचा व्यवहार्य नमुना प्रसिद्ध केला, आणि त्यात प्रकाश देणारी द्रव्ये कार्बनची संयुगे होती. त्या पडद्याचा शेणखताशी संबंध नाही.

आकाशातील बातम्यांचेही तसेच आहे. बेन्नू नामक लघुग्रहावरील माती अमेरिकेच्या यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. तिच्या पृथक्करणाचे जे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांनुसार, पृथ्वीवरील जीवसृष्टी ज्या २० अमिनो अम्लांचा उपयोग करते त्यांपैकी १४ त्या मातीत आढळली. ही गोष्ट विलक्षण खरीच. परंतु तेथे जीव सापडला असा तिचा अर्थ नाही. जीवाच्या घराला लागणाऱ्या विटा जीवावाचूनही भाजल्या जातात, एवढेच त्यावरून म्हणता येते. 'ऑर्गॅनिक' म्हणजे 'जिवंत' असे मानून बातमी वाचणारा मनुष्य दोनशे वर्षांपूर्वीच्या बर्झेलियसच्या काळात वावरत असतो.

वैद्यकाने या विशेषणाचा मूळ अर्थ, म्हणजे इंद्रियाशी असलेला संबंध, धरून ठेवला. एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदन व सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने रोगाची खूण प्रत्यक्ष अवयवात शोधण्याची प्रथा बळावली. ज्या रोगात अवयवाच्या रचनेत बिघाड दिसतो तो 'ऑर्गॅनिक', आणि ज्यात रचना धड दिसते पण कार्य बिघडलेले असते तो 'फंक्शनल', म्हणजे कार्यिक. वर्गीकरण म्हणून हे सोयीचे होते. पण 'बिघाड दिसत नाही' यावरून 'बिघाड नाही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह फार मोठा. अपस्मार, म्हणजे फेपरे, हा रोग एके काळी कार्यिक विकारांत मोजला जाई. १९२९ साली हान्स बर्गर याने मेंदूतील विद्युत्प्रवाहांचे आलेख प्रसिद्ध केले आणि पुढे त्या आलेखांत फेपऱ्याची स्पष्ट चिन्हे उमटू लागली. रोग बदलला नव्हता. पाहण्याचे साधन बदलले होते.

मनोविकारांच्या बाबतीत हा शब्द अधिकच अवघड झाला. काही मानसिक विकारांस 'ऑर्गॅनिक' म्हटले, की उरलेल्यांचा देहाशी संबंध नाही असे ध्वनित होते. या कारणास्तव अमेरिकेतील मनोविकारांच्या मान्यताप्राप्त वर्गीकरणाने १९९४ च्या आवृत्तीत 'ऑर्गॅनिक मानसिक विकार' ही संज्ञा सोडून दिली. तरीही दवाखान्यात 'काही ऑर्गॅनिक नाही' हे वाक्य कानी पडते. सांगणाऱ्यास म्हणावयाचे असते की तपासणीत अवयवाची इजा आढळली नाही; ऐकणाऱ्यास वाटते की आपले दुखणे खोटे ठरले. म्हणून असे वाक्य ऐकल्यावर रोग्याने वा त्याच्या नातलगाने संकोच न बाळगता विचारावे: बिघाड नाही म्हणता, की तो या तपासणीत दिसला नाही म्हणता? या दोन उत्तरांत रोग्याच्या आयुष्याचे अंतर असू शकते.

आता राहिली शेती. येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनज्ञाने एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ असा: 'सेंद्रिय रसायनशास्त्र, शेती व शरीरशास्त्र यांस लावून पाहता'. वनस्पती मातीतील कुजलेले सत्त्व खाऊन नव्हे, तर साध्या खनिज द्रव्यांवर वाढतात, असा त्याचा सिद्धांत होता. त्याच सिद्धांताच्या आधारे पुढे कृत्रिम खतांचा उद्योग फोफावला. म्हणजे ज्या ग्रंथाच्या कपाळावर 'सेंद्रिय' हा शब्द होता, तोच रासायनिक खतांचा आद्यग्रंथ ठरला!

या विचारसरणीस जो विरोध उभा राहिला, त्याचे एक मुख्य स्थान इंदूर होय. १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' या संस्थेचे संचालकपद सांभाळले. कापूस सुधारण्यासाठी निघालेल्या या संस्थेत त्यांनी व तेथील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी पालापाचोळा, पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थरावर थर रचून कंपोस्ट खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर बसविली. ढीग ठरावीक अंतराने परतावयाचा, ओल व हवा यांचा मेळ राखावयाचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हीच जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. १९३१ साली हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावाने तिच्यावरील ग्रंथ निघाला. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनीही हे काम पाहिले.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या ग्रंथाचे शीर्षक शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयी आणि ह्यूमसविषयी, म्हणजे मातीतील कुजलेल्या सत्त्वाविषयी, बोलते. 'ऑर्गॅनिक शेती' हे नाव त्यास नाही. ते नाव १९४० साली इंग्लंडात लॉर्ड नॉर्थबोर्न यांच्या ग्रंथाने प्रचारात आणले, आणि त्यांच्या मनातील अर्थ 'कार्बनयुक्त' हा नव्हता, 'रसायनरहित' हाही नव्हता. शेत हेच एक सजीव शरीर, आणि माती, पीक, जनावर व माणूस हे त्याचे परस्परावलंबी अवयव, असा तो अर्थ होता. म्हणजे शब्द फिरून आपल्या ग्रीक माहेरी आला. मराठी समीक्षेत एखाद्या काव्याच्या 'सेंद्रिय एकात्मते'विषयी बोलले जाते तेव्हा जो अर्थ असतो, त्याच्या हा अगदी जवळचा. १९४२ साली अमेरिकेत रोडेल यांनी या विषयास वाहिलेले मासिक काढले, आणि शब्द बाजाराच्या वाटेस लागला.

बाजारात शब्द आला की त्यामागोमाग कायदा यावा लागतो. अमेरिकेत १९९० साली तसा कायदा झाला. भारतात २००१ पासून सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाविषयी नियम केले. 'जैविक भारत' ही मुद्रा त्या नियमांनुसार आली. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकास विकतो तेव्हा त्यास प्रमाणपत्रातून सूट आहे. एरवी प्रमाणन लागते. हे प्रमाणन मुख्यतः पद्धतीचे असते: कोणते खत घातले, कोणती फवारणी केली, रासायनिक शेती सोडून नियमाने ठरविलेला संक्रमणकाळ लोटला की नाही, नोंदी ठेवल्या की नाही. औषधांच्या अवशेषांची तपासणी ही त्याची एक बाजू आहे. पण तांदळाच्या दाण्यात एखादा खास 'सेंद्रिय' रेणू असतो, आणि तो यंत्राने दाखविता येतो, असे काही नाही. दाणा सेंद्रिय शेतातला असो वा नसो, रसायनज्ञास त्याचा पिष्टमय भाग सारखाच सेंद्रिय.

आता युरियाचे कोडे सुटते. रसायनज्ञ विचारतो, हा पदार्थ कशाचा बनला आहे? शेतीचा नियम विचारतो, हा कोठून व कसा आला, आणि त्याने शेताच्या जीवनक्रमास काय केले? युरियात कार्बन आहे, म्हणून पहिल्या प्रश्नास तो उतरतो. तो कारखान्यात घडविला जातो, म्हणून दुसऱ्यात अडतो. बोर्डो मिश्रणाचे नेमके उलट होते. पिकाच्या मुळांस यातले काहीच ठाऊक नसते. शेणखतातला नत्र काय आणि युरियातला काय, त्याचा बहुतेक भाग पीक अखेर अमोनियम वा नायट्रेट या रूपातच उचलते. फरक पडतो तो मातीस. युरियात ४६ टक्के नत्र असतो, पण ह्यूमस नसतो. कंपोस्टात नत्र थोडा, पण मातीस भुसभुशीत ठेवणारे, ओल धरणारे व तिच्यातील सूक्ष्म जीवांस पोसणारे द्रव्य भरपूर.

म्हणून या विशेषणास मंत्र मानणे जितके चुकीचे, तितकेच त्यास थोतांड समजणेही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे पीक घटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. माती वर्षानुवर्षांच्या सवयीने घडते. तिच्यावरील पाटी बदलून ती एका हंगामात बदलत नाही. दुसऱ्या बाजूस, केवळ गोणीवर भिस्त ठेवून ज्यांनी शेणखत व पालापाचोळा यांस रजा दिली, त्यांच्या मातीची कथाही फारशी सुखाची नाही. ती वाचण्याचे साधन शेतकऱ्यापाशी आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. तेथील आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर माती गरीब, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर सधन, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

'सेंद्रिय' या शब्दाचे सारे अर्थ एकमेकांस भेटतात ते या एका रकान्यात. तेथे रसायनज्ञाचा कार्बन आहे, चरकाची चेतना ज्यात एकदा नांदून गेली असे पान व मूळ आहे, आणि हॉवर्ड व वाड यांनी इंदुरात थरावर थर रचून जे मिळविले ते सत्त्वही आहे. पिशवीवरील विशेषण खरे की खोटे याची खात्री प्रमाणपत्र पाहून करावी; परंतु शेत खरोखर सेंद्रिय होत चालले आहे की नाही, हे त्या रकान्यातील आकडा वर्षामागून वर्ष कोणत्या दिशेने सरकतो त्यावरून कळते.